घरी पाठवलेली शाळा

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, १० मार्च रोजी, भोसरी येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा लिखित पाठ)



पुणे शहर आणि भोवतालची खेडी प्लेगने हवालदिल झालेली असताना, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन, हडपसरच्या बाजूला माळावर आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यापर्यंत पोहोचवण्याच्या खटाटोपात सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ते मूल मात्र वाचले, असे चरित्रकार सांगतात. या घटनेला १२३ वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ९ मार्च २०२० रोजी, दुबईहून परतलेल्या एका दांपत्याला कोरोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न होऊन महाराष्ट्रातील त्या रोगाचे पहिले रुग्ण पुण्याच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. योगायोगांना अर्थ चिकटवण्याची आपल्याकडे खोड आहे आणि ती मला फारशी मानवत नाही. तथापि, साथीच्या काळात शिक्षिकेने काय केले आणि साथीच्या काळात शाळेचे काय झाले, या दोन प्रश्नांना कॅलेंडराच्या एकाच पानावर आणून ठेवणारा हा योग मला टाळता आला नाही, म्हणून आजच्या व्याख्यानासाठी हाच विषय घेतला. माझा अधिकार निवृत्त शिक्षकाचा, म्हणजे फळ्यापुढे उभे राहून आयुष्य घालवलेल्या माणसाचा आहे. त्यापलीकडे काही नाही.

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे गैरसमजास जागा राहणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लावली हे चुकले, असे माझे म्हणणे नाही. रोग नवा होता, लस नव्हती, औषधाविषयी तज्ज्ञांतच एकवाक्यता नव्हती. आपल्याच औद्योगिक वसाहतीत असलेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत तेव्हा घशातील स्रावांचे नमुने तपासले जात होते. आणि पुढे त्याच वर्षी नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर, जेथे आपली मुले खेळत, तेथे शेकडो खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे करावे लागले. अशा वेळी सरकारने हाती येईल ते हत्यार उचलले, आणि हाती आले ते फेब्रुवारी १८९७ मध्ये, त्याच प्लेगासाठी घाईघाईने केलेल्या साथरोग अधिनियमाचे. सावित्रीबाईंच्या मृत्यूच्या आदल्याच महिन्यात अमलात आलेला तो चार कलमांचा कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात पुन्हा दप्तरातून बाहेर निघाला. याविषयीही माझी तक्रार नाही. माझी चौकशी वेगळ्या दिशेची आहे: जी वस्तू आपण बंद केली ती होती तरी काय, तिच्या जागी आपण काय दिले, आणि ती पुन्हा उघडण्याची पाळी कोणाकोणाच्या मागून आली.

शाळा म्हणजे पाठ्यपुस्तक शिकवण्याची जागा, ही व्याख्या ज्यांच्या घरी पुस्तकांना कपाट आहे त्यांनी केलेली आहे. लातूर, बीड, धाराशिव, नांदेडकडून पोटामागे येऊन बालाजीनगरात किंवा धावडेवस्तीच्या एखाद्या चाळीत दहा बाय दहाची खोली भाड्याने घेऊन राहिलेल्या कुटुंबातील मुलाला शाळा म्हणजे, प्रथमत: आणि मुख्यत:, जागाच असते: पाय पसरता येईल एवढी फरशी, वाऱ्याला वाट असलेली खिडकी, स्वत:च्या नावाने ओळखले जाणारे बाकावरचे दीड फूट, नळाखाली ओंजळ धरण्याची रांग, मधल्या सुट्टीतली खिचडी. मुलीला तर याहून एक गोष्ट अधिक मिळते. तेवढे पाच तास तिला कोणी धाकट्या भावाला सांभाळायला किंवा भांडी घासायला उठवत नाही. शाळा घरांतील विषमता नाहीशी करते, असे मी म्हणणार नाही. इतका भोळा मी राहिलेलो नाही. परंतु घंटा झाल्यापासून शाळा सुटेपर्यंत ती विषमता ती तहकूब ठेवते, आणि ज्याला घरी काहीच नाही त्याच्या दृष्टीने हे तहकूब ठेवणे हेच शाळेचे सर्वांत मोठे काम असते. (ज्याचे स्वत:चे वर्कशॉप आहे त्याचा मुलगा महापालिकेच्या शाळेत येतो कोठे, असे कोणी मनात म्हणत असेल. ते खरे आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे.)

टाळेबंदीत शाळा बंद झाली, पण शिक्षण सुरू आहे, अशा अर्थाची घोषणा आपण दीड-दोन वर्षे ऐकली. ती करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण वस्तुत: घडले ते असे, की शाळा मुलांच्या घरी पाठवून देण्यात आली, आणि एकदा ती घरी गेली म्हटल्यावर ज्याचे जसे घर तशी त्याची शाळा झाली. कोणाची शाळा संगणकापुढच्या फिरत्या खुर्चीवर भरू लागली, कोणाची जिन्याच्या पायरीवर, आणि कोणाची भरलीच नाही.

एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे, ते सांगतो. आमच्या मागच्या चाळीत एक मुलगी जून २०२० मध्ये चौथीत गेली. गेली म्हणजे कागदावर गेली. वडील सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. घरात फोन एकच, आणि तो वडिलांच्या खिशात, कारण ठेकेदाराचा निरोप आला आणि फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवसाची हजेरी दुसऱ्याला मिळे. बाईंचा गृहपाठ सकाळी दहाच्या सुमारास गटावर येई. त्या वेळी फोन कारखान्यात. वडील पहिल्या पाळीत, म्हणून तो दुपारी चारनंतरच घरी येई. घरी आल्यावरही पहिला हक्क दहावीतल्या भावाचा. त्याचे व्हिडिओ पाहून होईपर्यंत दिवसाचा दीड जीबी संपलेला असे आणि पुढचे चित्र गोल गोल फिरत राही. तरीही मुलगी चिकाटीची. बाईंनी स्वत:च्या हाताने कागदावर गणिते लिहून त्याचा फोटो पाठवलेला असे, तो बोटांनी मोठा करून ती वहीत उतरवून घेई.

त्या फोनच्या काचेला वरपासून खालपर्यंत एक बारीक उभा तडा गेलेला होता. एके दिवशी बाईंनी वजाबाकीची बारा उदाहरणे पाठवली, एकाखाली एक, डाव्या बाजूला चिन्हांची सरळ ओळ. आणि फोटो मोठा केल्यावर ती ओळ नेमकी तड्याखाली आली. आडव्या रेघेवर उभी रेघ पडली की काय होते, हे येथे बसलेल्या पहिलीतल्या मुलालाही ठाऊक आहे. तिने बाराच्या बारा बेरजा केल्या, हातचे धरून, नीट, एकही चूक न करता. कित्येक महिन्यांनी वह्या शाळेत तपासायला गेल्या तेव्हा त्या पानावर बारा लाल फुल्या पडल्या. ती वही तिच्या आईने मला आणून दाखवली. आईचा प्रश्न एवढाच होता, की हिला गणित येत नाही का. बाईंचा तरी काय दोष. त्यांच्यापुढे वही होती, तडा नव्हता.

हे एका घराचे झाले. मोजमाप हवे असेल तर तेही झालेले आहे. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. हा आकडा सभांतून पुष्कळ मिरवला गेला. त्याच अहवालातील दुसरा आकडा तितका मिरवला गेला नाही: घरात स्मार्टफोन असूनही ज्यांच्या हाती तो कधीच येत नव्हता अशी मुले २६.१ टक्के होती. फोन घरी असणे आणि मुलाच्या हाती असणे यांतील अंतर एका खिशाएवढे असते, आणि तो खिसा बापाचा असतो. सर्वेक्षण खेड्यांचे आहे, भोसरी शहर आहे, हे मी विसरलेलो नाही. पण आमच्या चाळींतून खेडे अजून पुरते गेलेले नाही.

येथे मला महात्मा फुल्यांची आठवण होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी सरकारी शिक्षणनीतीवर जो आक्षेप घेतला त्याचा मथितार्थ असा, की सरकारचा बराचसा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वरच्यांना शिकवा, म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपत जाईल, ही कल्पना फसवी आहे. द्यायचे असेल तर प्राथमिक शिक्षण थेट रयतेला द्या. झिरपण्याची ती कल्पना एकोणिसाव्या शतकाबरोबर निकालात निघाली, अशी माझी समजूत होती. २०२० मध्ये ती नवा वेष घालून परत आली. आधी ज्यांच्याकडे यंत्रे आहेत त्यांचे वर्ग सुरू करू, मग यंत्रे स्वस्त होतील, जाळे पसरेल, आणि शिक्षण खालपर्यंत पोहोचेल. मधल्या काळात खालच्याने काय करावे, याचे उत्तर १८८२ साली नव्हते आणि याही वेळी नव्हते.

आता उघडण्याचा मामला. आपण भोसरीकर भोंग्याच्या आवाजावर घड्याळ लावणारी माणसे. १९६० नंतरच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत आली आणि या गावाचा दिवस पाळ्यांमध्ये वाटला गेला. टाळेबंदीत काही आठवडे तो भोंगा थांबला तेव्हा, खरे सांगतो, पहाटे पक्ष्यांचे आवाज ऐकून मला धास्ती वाटली. पण २०२० चा पावसाळा सुरू होता होता कारखाने पुन्हा धडधडू लागले. त्यात वावगे काही नव्हते; कामगाराला घरी बसून पोट भरता येत नाही. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातील उपाहारगृहांना आणि मद्यगृहांना निम्म्या क्षमतेने व्यवसायाची मुभा मिळाली. नववीपासूनचे वर्ग भरवण्यास नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पाचवी ते आठवीचे भरवण्यास जानेवारी २०२१ मध्ये परवानगी आली, ती स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपवून. आणि कोठे वर्ग भरतात न भरतात तोच दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांत आठवीपासूनचे वर्ग उघडले. पहिलीच्या मुलाला शाळेत येण्याची मुभा राज्याने दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून, आणि पुण्या-पिंपरीकडे तीही आणखी काही दिवस लांबली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप. म्हणजे ज्या भोसरीत भोंगा काही आठवड्यांत वाजला, त्या भोसरीत पहिलीची घंटा वाजायला पावणेदोन वर्षे लागली.

याचे कारण रोगाच्या शास्त्रात शोधू नये. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी, पहिल्याच लाटेत, शाळा उघडायला घेतल्या आणि त्यांत सर्वांत आधी धाकट्या मुलांना बोलावले, कारण घरी ठेवून ज्यांना शिकवता येत नाही ती हीच मुले, आणि ज्यांना रोगाचा धोका कमी तीही हीच. आपल्याकडे क्रम नेमका उलटा लागला. त्याचे कारण मला असे दिसते, की कारखाना उघडा म्हणून दरखास्त करणारे संघ होते, हॉटेल उघडा म्हणणारे संघ होते, मंदिरे उघडा म्हणून आंदोलने झाली. महापालिकेची पहिली उघडा म्हणून कोणाच्या दारात कोण जाणार होते? सहा वर्षांच्या मुलाचा संघ नसतो. त्याच्या बापाला रजा नसते. आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची मुले त्या पहिलीत नव्हती. मघाच्या कंसातला विषय तो हाच. शाळांची वाटणी आपण साथीच्या पुष्कळ आधी करून ठेवली होती. साथीने तिची किंमत सांगितली.

दुसरा मार्गच नव्हता, असे म्हणणाऱ्यांना मी पुण्याच्याच इतिहासातील एक गोष्ट सांगतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम शहरात होता. प्लेग आला. कर्व्यांनी आश्रम मोडला नाही. तो उचलून १९०० साली शहराबाहेर, हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत नेला. वाहने धड नाहीत, पैसा नाही, अशा काळात एका माणसाने जागा बदलली आणि शाळा राखली. २०२० साली आपल्याकडे मैदाने होती, शाळांच्या गच्च्या होत्या, सुटीच्या दिवशी रिकामी पडणारी सभागृहे होती, आणि मोकळ्या हवेत हा रोग कमी पसरतो हे काही महिन्यांतच कळून चुकले होते. तरीही मैदानांना कुलपेच राहिली.

शिक्षकांविषयी बोलले पाहिजे, कारण घरी बसून पगार घेणारे, अशी त्यांची संभावना त्या काळात मी या कानांनी ऐकली आहे. त्यांच्यापैकी कित्येक जण रेशनच्या दुकानांवर आणि नाक्यांवर नेमले गेले होते, आणि सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर फिरून लोकांचे तापमान नोंदवत होते. सकाळी तापमान, दुपारी ऑनलाइन तास, रात्री अहवाल. शाळेत शिजणारी खिचडी बंद झाल्यावर तांदूळ व डाळ पालकांच्या पिशवीत मोजून देण्याचे कामही त्यांच्याच माथी आले. एका शिक्षिकेला मी चाळीच्या बोळात, दोन दारांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, दोन्ही खोल्यांतील मुलांकडून पाढे म्हणवून घेताना पाहिले आहे. हुकूम कोणताही नव्हता. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, ती मला त्या साऱ्या धामधुमीतील शहाणपणाची गोष्ट वाटते. टीव्ही चाळीत असतो, तो बापाबरोबर पाळीवर जात नाही. पण टीव्हीला प्रश्न विचारता येत नाही, आणि मूल शिकते ते पुष्कळसे विचारण्यातूनच.

परीक्षांचा प्रकार तर ऐकण्यासारखा झाला. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले, निकाल ९५.३० टक्के. २०२१ साली परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांचे २०, असा हिशेब मांडून १६ जुलै रोजी निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. ज्या वर्षी मुलांनी शाळेचे तोंड जवळजवळ पाहिले नाही त्या वर्षी राज्याने दहावीचा अभूतपूर्व निकाल पाहिला. अडचणीत सापडलेल्या मुलांना नापास करून आणखी पिळावे, असे मला म्हणायचे नाही; दुसरे काही करणे त्या वेळी कठीणच होते. पण समतेची अशी परिपूर्ण नोंद दप्तरात झाल्यावर खरा फरक कोठे तरी बाहेर फुटणारच. चाळीतला तो दहावीचा भाऊ त्याच निकालात उत्तीर्ण झाला, आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात व्हर्निअरवरचे माप वाचता येईना म्हणून घरी आला, आणि आता चाकणला एका गोदामात माल उतरवतो.

या दोन वर्षांत एक उलटा प्रवाहही वाहिला. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत घातले होते, त्यांच्यापैकी कित्येकांचे काम गेले किंवा पगार अर्धा झाला, फी थकली, आणि ती मुले महापालिकेच्या शाळेकडे वळली. देशभराच्या ग्रामीण आकड्यांतही हे दिसते: ६ ते १४ वयोगटातील मुलांपैकी सरकारी शाळेत असलेली मुले २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, ती २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाली. या वळणावर एक कागद आडवा आला, शाळा सोडल्याचा दाखला. थकबाकी भरा, मग दाखला न्या, असे उत्तर मिळालेली एक माता माझ्याकडे आली होती. शाळेचे नाव सांगण्याचे हे स्थळ नव्हे. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की दाखल्यास विलंब झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश लांबवता किंवा नाकारता कामा नये. हे कलम मी एका कागदावर मराठीत लिहून तिच्या हाती दिले, आणि ती ते घडी घालून, पोथीसारखे, पदराखाली धरून महापालिकेच्या शाळेत घेऊन गेली. मुलाला तिसरीत बसवून घेतले. त्याला इंग्रजीतले अंक येत होते, मराठीतले नव्हते. दोन महिने त्याचा ४ आणि ८ चा घोळ मिटेना.

पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. शाळाच बंद असल्यामुळे त्या सेतूचे एक टोक हवेत राहिले. 'असर'नुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ वर आले. यावरून नुकसान भरून निघाले असा निष्कर्ष काही जण काढतात, आणि तिसरीच्या इयत्तेपुरता तो बरोबरही आहे. मात्र २०२४ च्या तिसरीतली मुले निराळी. ज्यांची पहिली आणि दुसरी चाळीतल्या जिन्यावर गेली ती मुले आता सहावीत आहेत, आणि आकड्यांचा दिवा तिसरीवर लावलेला असल्यामुळे ती अंधारातून पुढे सरकत चालली आहेत. दरवर्षी एक इयत्ता. आठवीनंतर त्यांच्यापैकी किती जण कोणत्या पाळीला लागतील, हे त्यांच्याकडे आज कोण बघतो यावर आहे.

तड्याच्या फोनवर शिकलेली ती मुलगी आता नववीत आहे. फोन केव्हाच बदलला. संध्याकाळी ती माझ्याकडे बीजगणित घेऊन येते. हुशार आहे, समीकरणे माझ्याहून लवकर सोडवते. फक्त एक सवय राहिली आहे. छापील पुस्तकातसुद्धा, उणे चिन्ह आले की ती क्षणभर थांबते आणि त्याच्यावरून नख फिरवून पाहते.